कोणी, कधी, काय बदललं? सीआरएममधल्या बदलांच्या इतिहासाचा आढावा

ग्राहकांची माहिती सांभाळणारं सॉफ्टवेअर, म्हणजे सीआरएम, मुळात विसराळू असतं. नोंदीतला एखादा रकाना बदलून ‘सेव्ह’ केलं की जुनी माहिती जाते आणि तिच्या जागी नवी बसते. डीलची रक्कम ४८ लाखांवरून ४१ लाख केली, तर टेबलात ४१ लाख उरतात. ४८ लाख कधी होते, याचा मागमूस राहत नाही. सोबत फार तर ‘शेवटचा बदल कोणी केला’ आणि ‘कधी केला’ असे दोन रकाने असतात, तेही पुढच्या बदलात पुसले जातात. शिवाय तो शेवटचा बदल रकमेचा होता की फोन नंबरचा, हे त्यातून कळत नाही.

या विसराळूपणावरचा उपाय म्हणजे फील्डच्या, म्हणजे रकान्याच्या, बदलांचा इतिहास ठेवणं. कोणी त्याला ‘फील्ड हिस्टरी’ म्हणतं, कोणी ‘ऑडिट लॉग’, कोणी ‘चेंज लॉग’. बाजारातल्या बहुतेक नावाजलेल्या सीआरएममध्ये ही सोय आहे. ती आतून कशी चालते, कुठे तोकडी पडते, कायदा काय मागतो आणि कचेरीतली माणसं तिचं काय करतात, हे या लेखात पाहायचं आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. सॉफ्टवेअरच्या पैशांत सोय मिळते, इतिहास मिळत नाही. काय लक्षात ठेवायचं हे आधी ठरवावं लागतं आणि ते ठरवणं आयटी विभागाचं नव्हे, धंदा चालवणाऱ्यांचं काम आहे.

आतली रचना

आत काय चालतं ते पाहायला मुक्त स्रोताची सॉफ्टवेअर सोयीची. शुगरसीआरएमने आपली मोफत आवृत्ती पुढे न नेण्याचं ठरवल्यावर २०१३ मध्ये तिच्यातून सुइटसीआरएम निघालं. त्याच्या डेटाबेसमध्ये ग्राहक-कंपन्यांचं ‘अकाउंट्स’ नावाचं टेबल असतं आणि त्याच्या जोडीला ‘अकाउंट्स ऑडिट’ नावाचं दुसरं. या दुसऱ्या टेबलातली प्रत्येक ओळ म्हणजे एका फील्डचा एक बदल. ओळीत मूळ नोंदीचा क्रमांक, तारीख-वेळ, बदल करणाऱ्याचा क्रमांक, फील्डचं नाव, त्याचा प्रकार, आधीचं मूल्य आणि नंतरचं मूल्य असतं. आधीच्या आणि नंतरच्या मूल्यांना प्रत्येकी दोन रकाने दिलेले असतात, एक छोट्या मजकुरासाठी आणि एक लांब मजकुरासाठी. रक्कम, तारीख, नाव, शेरा अशा नाना प्रकारच्या गोष्टी एकाच टेबलात कोंबायच्या म्हटल्यावर अशी सोय करावीच लागते. बेल्जियमच्या ओडूने हाच प्रश्न जरा वेगळ्या रीतीने सोडवला आहे. तिथे पूर्णांक, दशांश, अक्षरी मजकूर आणि तारीख यांना वेगवेगळे रकाने आहेत.

एसएपीमध्ये ही कल्पना जुनी आहे. तिथे दोन टेबलं असतात, ‘सीडीएचडीआर’ आणि ‘सीडीपीओएस’. पहिल्यात कोणी, कधी आणि कुठल्या व्यवहार-कोडमधून बदल केला ते. दुसऱ्यात कुठलं फील्ड, आधी काय, नंतर काय आणि तो बदल नव्या नोंदीचा, दुरुस्तीचा की खोडण्याचा, ते. एका सेव्हमध्ये पाच फील्ड बदलली तर पहिल्या टेबलात एक ओळ आणि दुसऱ्यात पाच. त्यामुळे ते पाच बदल एकाच बैठकीत झाले, हेही कळतं.

ही रचना वाचायची कशी, यासाठी एक काल्पनिक डील घेऊ. चाकणची एक पंप बनवणारी कंपनी, तिचा एक साखर कारखान्याशी चाललेला व्यवहार:

१२ जानेवारी: नोंद तयार केली.
३ फेब्रुवारी: रक्कम ४८,००,००० वरून ४५,००,०००.
२७ फेब्रुवारी: ऑर्डरची अपेक्षित तारीख २८ फेब्रुवारीवरून ३१ मार्च.
२९ मार्च: रक्कम ४५,००,००० वरून ४१,००,०००.
३० मार्च: अपेक्षित तारीख ३१ मार्चवरून ३० एप्रिल.

आता १५ फेब्रुवारीला या डीलची रक्कम किती होती? नवखा माणूस त्या तारखेच्या आधीचा बदल शोधतो. इथे त्याचं उत्तर बरोबर येतं, पण २० जानेवारीची रक्कम विचारली की तो अडतो, कारण त्याआधी रकमेचा बदलच नाही. नोंद तयार करताना भरलेली मूल्यं बहुतेक सॉफ्टवेअर इतिहासात लिहीत नाहीत; ‘तयार केली’ एवढंच लिहितात. म्हणून खात्रीची रीत उलटी आहे. हव्या त्या तारखेनंतरचा पहिला बदल शोधायचा आणि त्याचं ‘आधीचं मूल्य’ घ्यायचं. १५ फेब्रुवारीनंतर रकमेचा पहिला बदल २९ मार्चचा, म्हणून उत्तर ४५ लाख. २० जानेवारीनंतरचा पहिला बदल ३ फेब्रुवारीचा, म्हणून ४८ लाख. ५ एप्रिलनंतर बदलच नाही, तेव्हा आज नोंदीत दिसणारी रक्कम हेच उत्तर, ४१ लाख. वर्षअखेरीचे बरेच अहवाल चुकतात ते एवढी साधी रीत न पाळल्यामुळे.

बदल टिपायचे मार्ग

बदल टिपायचे ढोबळमानाने चार मार्ग आहेत आणि प्रत्येकाची आपली आंधळी बाजू आहे.

पहिला मार्ग सॉफ्टवेअरच्याच पातळीवरचा. सेव्हचं बटण दाबलं की प्रोग्राम जुनी नोंद आणि नवी नोंद शेजारी ठेवून फरक काढतो आणि तो इतिहासाच्या टेबलात लिहितो. बहुतेक सीआरएम याच वाटेने जातात. यात लॉगिन केलेला माणूस कोण ते नेमकं कळतं. पण कोणी मागच्या दाराने थेट डेटाबेसमध्ये जाऊन बदल केला, तर प्रोग्रामला त्याची गंधवार्ता नसते.

दुसरा मार्ग डेटाबेसच्या ट्रिगरचा. टेबलात कुठूनही बदल झाला की डेटाबेस स्वतःच ओळ लिहितो. मागचं दार बंद होतं, पण अडचण दुसरीकडे येते. सॉफ्टवेअर डेटाबेसशी साधारणपणे एकाच सामाईक खात्याने बोलतं. त्यामुळे खरा माणूस कोण, हे प्रोग्रामने मुद्दाम कळवलं नाही तर ट्रिगरच्या लेखी सगळे बदल एकाच ‘माणसा’चे.

तिसरा मार्ग डेटाबेसचा अंतर्गत व्यवहार-लॉग वाचण्याचा. बंद पडल्यास सावरता यावं म्हणून डेटाबेस प्रत्येक बदल आधी लॉगमध्ये लिहितो. तो लॉग वाचून बदल दुसऱ्या यंत्रणेकडे पाठवता येतात. डेबेझियमसारखी साधनं हेच करतात. मूळ यंत्रणेवर फारसा भार येत नाही, पण ‘कोणी’ या प्रश्नाचं दुखणं इथेही तेच.

चौथा मार्ग डेटाबेसलाच काळाचं भान देण्याचा. एसक्यूएलच्या २०११ सालच्या मानकात अशा टेबलांची सोय आली. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरने ती २०१६ च्या आवृत्तीत दिली, मारियाडीबीने १०.३ मध्ये. इथे जुनी ओळ पुसली न जाता ‘अमुक क्षणापासून तमुक क्षणापर्यंत वैध’ अशा शिक्क्यासह बाजूला जाते. ‘१५ फेब्रुवारीला काय होतं’ हे एका वाक्यात विचारता येतं, वर सांगितलेली उलटी रीत लागत नाही. किंमत एवढीच की एक फील्ड बदललं तरी पूर्ण ओळीची प्रत साठते.

जागेचा हिशेबही करून पाहावा. एक लाख ग्राहक, प्रत्येकाची दहा फील्ड पाळतीवर आणि प्रत्येक फील्ड वर्षातून चारदा बदललं, तर वर्षाला चाळीस लाख ओळी होतात. मूळ टेबलात मात्र एक लाखच. सॉफ्टवेअर कंपन्या फील्डच्या संख्येवर आणि मुदतीवर मर्यादा घालतात, त्यामागचं एक मोठं कारण हेच.

कोण किती लक्षात ठेवतं

सेल्सफोर्समध्ये प्रत्येक ऑब्जेक्टची, म्हणजे खातं, संपर्क, डील यांपैकी प्रत्येकाची, २० फील्ड पाळतीवर ठेवता येतात. ॲडमिनने टिक केल्या क्षणापासून इतिहास सुरू होतो. त्याआधीचं काहीही मिळत नाही. हा इतिहास पडद्यावर १८ महिने आणि एपीआयमधून, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामने मागितला तर, २४ महिन्यांपर्यंत मिळतो. त्यापुढे हवा असेल तर ‘शील्ड’ नावाच्या सशुल्क जोडणीतलं ‘फील्ड ऑडिट ट्रेल’ घ्यावं लागतं. सूत्रावर चालणारी, बेरजेची आणि आपोआप क्रमांक देणारी फील्ड पाळतीवर ठेवताच येत नाहीत. २५५ अक्षरांपेक्षा मोठ्या मजकुराच्या फील्डबाबत ‘बदल झाला’ एवढंच लिहिलं जातं. आधी काय होतं आणि नंतर काय झालं, ते नाही. ज्या ‘शेरा’ फील्डमध्ये ग्राहकाशी काय ठरलं ते लिहिलेलं असतं, त्याच्यावरच हा नियम नेमका बसतो. डीलसाठी मात्र एक वेगळी सोय मुळातच चालू असते. टप्पा, रक्कम, शक्यता आणि अपेक्षित तारीख यांचा इतिहास न सांगता ठेवला जातो.

मायक्रोसॉफ्टच्या डायनॅमिक्स ३६५ मध्ये तीन पातळ्यांवर परवानगी लागते: पूर्ण यंत्रणा, टेबल आणि रकाना. तिन्ही ठिकाणी ‘चालू’ असेल तरच ओळ लिहिली जाते. रकान्यावर टिक आहे, पण यंत्रणेच्या पातळीवर ऑडिट बंद, असं झालं की काहीच साठत नाही, आणि हे लक्षात येतं ते इतिहासाची गरज पडते त्या दिवशी. मुदत ३० दिवसांपासून ‘कायम’पर्यंत निवडता येते, पण लॉगची जागा घेतलेल्या क्षमतेतूनच जाते, म्हणजे ‘कायम’ फुकट नाही. ऑडिट बंद-चालू केल्याचीही नोंद राहते, ही या रचनेतली जमेची बाजू.

हबस्पॉटचा विचार उलट्या टोकाचा. तिथे फील्ड निवडायची भानगडच नाही. प्रत्येक प्रॉपर्टीला, म्हणजे फील्डला, इतिहास असतोच, फक्त ठरावीक संख्येच्या बदलांपर्यंत. वाखाणण्यासारखी गोष्ट म्हणजे प्रत्येक बदलासोबत त्याचं उगमस्थान दिसतं: माणसाने हाताने केला, वेबसाइटवरच्या फॉर्ममधून आला, फाइल इंपोर्टमधून आला, की एखाद्या वर्कफ्लोने केला. चेन्नईच्या झोहोच्या सीआरएममध्ये नोंदीच्या टाइमलाइनवर बदल क्रमाने दिसतात आणि ॲडमिनसाठी ऑडिट लॉग वेगळा असतो. ओडूमध्ये प्रोग्रामर फील्डच्या व्याख्येत ‘ट्रॅकिंग’ चालू करतो आणि नोंदीखालच्या संवादपट्टीत ‘जुनं → नवं’ असा संदेश उमटतो. सहकाऱ्यांच्या गप्पांत तो बदल दिसत असल्यामुळे तो वाचला जातो, हा त्याचा खरा फायदा. सुइटसीआरएममध्ये स्टुडिओत जाऊन फील्डला ‘ऑडिट’ची टिक करायची, मग नोंदीवरच्या ‘चेंज लॉग’मध्ये बदल पाहायचे.

या फेरफटक्यात दोन विचारसरणी दिसतात. एक म्हणते, निवडून ठेवा आणि दीर्घकाळ ठेवा. दुसरी म्हणते, सगळं ठेवा पण थोडं ठेवा. मोठ्या कंपनीला पहिली सोसते, कारण निवड करायला तिच्याकडे माणूस असतो. लहान उद्योगाला दुसरी बरी, कारण तिथे निवड करायला कोणाला वेळच नसतो.

इतिहासातली भोकं

इतिहास चालू आहे म्हणजे सगळं टिपलं जातं, हा समज सर्वांत महागात पडतो.

पहिलं भोक इंपोर्टचं. विपणन विभाग एक्सेलची फाइल चढवतो आणि हजारो नोंदींत शहर, विभाग, मालक असे रकाने बदलतात. इतिहासात ‘कोणी’च्या जागी फाइल चढवणाऱ्याचं नाव येतं. माहिती ज्याने गोळा केली, तो त्यात कुठेच नसतो. टेलिफोन यंत्रणा, बिलिंग आणि वेबसाइट यांच्या जोडण्या एकाच खात्यावर चालत असतील, तर गोंधळ आणखी वाढतो. प्रत्येक जोडणीला स्वतंत्र खातं देणं हा त्यावरचा साधा, पण हमखास विसरला जाणारा उपाय.

दुसरं भोक वेळेचं. सॉफ्टवेअर वेळ साधारणपणे जागतिक प्रमाणवेळेत साठवतं आणि पडद्यावर दाखवताना भारतीय वेळेत बदलून दाखवतं. पण कच्चा डेटा एक्सेलमध्ये काढला की तो प्रमाणवेळेतच बाहेर येतो. १ एप्रिलच्या पहाटे २ वाजता केलेला बदल तिथे ३१ मार्च, रात्री ८.३० असा दिसतो. आर्थिक वर्ष संपताना साडेपाच तासांच्या या फरकाने ऑर्डर एका वर्षातून दुसऱ्या वर्षात उडी मारते आणि कमिशनच्या हिशेबात भांडण लागतं.

तिसरं भोक एकाच सेव्हमधल्या बदलांचं. स्वयंचलित नियमांच्या साखळीत टप्पा ‘कोटेशन’वरून ‘वाटाघाट’ आणि लगेच पुन्हा ‘कोटेशन’ झाला, तर सुरुवात आणि शेवट सारखाच, म्हणून इतिहासात काहीच येत नाही. मधली घडामोड अदृश्य राहते.

चौथं भोक नावांचं. मालक, विभाग, मूळ कंपनी अशी फील्ड दुसऱ्या नोंदीकडे बोट दाखवतात. सेल्सफोर्समध्ये अशा प्रत्येक बदलाच्या दोन ओळी होतात, एक क्रमांकांची आणि एक नावांची. हे ठाऊक नसलेला विश्लेषक बदल मोजतो तेव्हा त्याचा आकडा दुप्पट येतो. ड्रॉपडाऊनमधल्या पर्यायाचं नाव मध्येच बदललं, तर जुन्या ओळीत जुनं नाव राहतं आणि एकच टप्पा अहवालात दोन नावांनी नांदतो.

शेवटचं भोक सर्वांत मोठं: खुद्द ॲडमिन. ज्याच्या हाती टिक करायचा अधिकार, त्याच्याच हाती ती काढायचाही. म्हणून फील्डच्या इतिहासाइतकाच सेटिंगच्या बदलांचा इतिहास महत्त्वाचा. सेल्सफोर्समध्ये तो वेगळा ठेवला जातो आणि १८० दिवसांपर्यंतचा उतरवून घेता येतो. तो वेळच्या वेळी उतरवून ॲडमिनच्या हाताबाहेर ठेवण्याची पद्धत मात्र कंपनीलाच पाडावी लागते.

‘का’ची जागा कोरी

महाराष्ट्रात जमिनीचा व्यवहार झालेल्या प्रत्येकाला गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही, ठाऊक असते. सातबाऱ्यावरचं नाव बदलायचं तर आधी फेरफार पडतो. त्यात खरेदीखत, वारस, वाटणी असं कारण लिहिलेलं असतं, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकत आली तर ती तक्रारींच्या वेगळ्या वहीत चढते आणि मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावर फेरफाराचा क्रमांक सातबाऱ्यावर येतो. कागदोपत्री दिरंगाई कितीही असो, बदलासोबत त्याचं कारण आणि त्याला मान्यता देणारा माणूस दोन्ही जोडलेले असतात.

सीआरएमच्या इतिहासात नेमक्या याच दोन गोष्टी नसतात. कोणी, कधी, काय, आधी काय, नंतर काय, एवढं सगळं असतं. ‘का’ आणि ‘कोणाच्या परवानगीने’ यांच्या जागा कोऱ्या. आपल्या उदाहरणातल्या पंपाच्या डीलची रक्कम २९ मार्चला चार लाखांनी खाली आली. ग्राहकाने एक पंप कमी केला का? प्रतिस्पर्ध्याच्या दराशी बरोबरी करावी लागली का? की मार्चअखेर टार्गेट गाठायला सूट दिली गेली? ओळ तीच, कारणं तीन आणि तिन्हींवरचा व्यवस्थापकीय उपाय वेगळा.

ही उणीव भरून काढता येते, पण फील्ड हिस्टरीच्या टिकेने नव्हे. सूट ठरावीक टक्क्यांपलीकडे गेली की कारणाचं फील्ड भरल्याशिवाय सेव्हच होऊ नये, असा नियम घालता येतो. मोठ्या बदलासाठी मंजुरीची प्रक्रिया लावता येते, म्हणजे वरिष्ठाचं नाव आणि वेळ आपोआप नोंदली जाते. कारणांची यादी मात्र आखूड हवी. पंधरा पर्याय दिले की सगळे ‘इतर’ निवडतात.

कायदा काय मागतो

भारतात या विषयाला खरी धार आली ती हिशेबाच्या सॉफ्टवेअरमुळे. कंपनी (लेखे) नियम, २०१४ मध्ये २४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेने एक अट घातली गेली: हिशेबासाठी सॉफ्टवेअर वापरणाऱ्या कंपनीचं सॉफ्टवेअर प्रत्येक व्यवहाराचा ऑडिट ट्रेल ठेवणारं, प्रत्येक बदलाचा तारखेसह एडिट लॉग लिहिणारं असावं आणि तो लॉग बंद करता येऊ नये. अंमलबजावणी दोनदा पुढे ढकलली गेली आणि १ एप्रिल २०२३ पासून अट लागू झाली. वर्षभर लॉग चालू होता का आणि त्यात छेडछाड झाली का, हे लेखापरीक्षकाला अहवालात सांगावं लागतं. टॅलीने यासाठी एडिट लॉग बंद न करता येणारी वेगळी आवृत्तीच काढली. हिशेबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं जपायची असतात. त्यापुढे सेल्सफोर्सच्या पडद्यावरचा १८ महिन्यांचा इतिहास फारच आखूड ठरतो.

ही अट हिशेबाच्या पुस्तकांसाठी आहे, सीआरएमसाठी थेट नाही. पण अनेक कंपन्यांत कोटेशन, सूट आणि बिल सीआरएममध्येच तयार होऊन पुढे हिशेबात जातात. तिथे सीमारेषा कुठे आखायची, हे आपल्या सनदी लेखापालाला आधीच विचारलेलं बरं. तत्त्व म्हणून ‘बंद करता येऊ नये’ ही अट सीआरएमने उसनी घ्यावी अशीच आहे.

औषध कंपन्यांचा अनुभव त्याहून जुना. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा ‘भाग ११’ नावाचा नियम १९९७ सालचा. त्याच्या कक्षेत येणाऱ्या इलेक्ट्रॉनिक नोंदींचा ऑडिट ट्रेल संगणकानेच वेळेच्या शिक्क्यासह तयार केलेला असावा आणि नव्या बदलाने आधीची माहिती झाकली जाऊ नये, असं तो सांगतो. अमेरिकेला औषधं पाठवणाऱ्या भारतीय कंपन्यांच्या गुणवत्ता विभागाला हे पाठ असतं.

याच्या बरोबर उलट दिशेने खेचणारा कायदाही आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ च्या कलम १२ प्रमाणे व्यक्तीला आपली माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून घेण्याचा हक्क आहे. तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. युरोपात २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआरमध्येही असा हक्क आहे. ग्राहकाने ‘माझा जुना नंबर काढून टाका’ म्हटलं आणि तुम्ही नोंदीतला नंबर पुसला, तर तो नंबर इतिहासाच्या टेबलात ‘आधीचं मूल्य’ म्हणून जिवंतच असतो! पुसण्याच्या कृतीनेच त्याची आणखी एक प्रत तयार झालेली असते. म्हणून वैयक्तिक माहितीची फील्ड पाळतीवर ठेवताना दोनदा विचार करावा. रकमेचा इतिहास लागतो. आधार क्रमांकाचा इतिहास कशाला?

वाद कोर्टात गेला, तर इतिहासाचा नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत विहित प्रमाणपत्र जोडावं लागतं. ते देऊ शकेल असा माणूस आणि तशी पद्धत कंपनीत आधीपासून असायला हवी.

पाळत की शिकवण

इतिहासाचा सर्वांत सोपा उपयोग म्हणजे माणूस पकडणं आणि त्याने सर्वांत जास्त नुकसान होतं. प्रत्येक बदलाचा जाब विचारला जातो हे कळलं की विक्री प्रतिनिधी सीआरएममध्ये खरी माहिती भरायचं सोडून देतात. खरा आकडा त्यांच्या डायरीत किंवा एक्सेलमध्ये राहतो आणि सीआरएममध्ये महिनाअखेरीस एकदाच, साहेबांना आवडेल तसा भरला जातो. इतिहास स्वच्छ दिसतो, पण पोकळ असतो.

शहाणा उपयोग वेगळा आहे. कुठल्या टप्प्यावर डील किती दिवस अडकते, अपेक्षित तारीख किती वेळा पुढे ढकलली जाते, सूट वाटाघाटीच्या सुरुवातीला दिली जाते की महिन्याच्या शेवटच्या दोन दिवसांत, हे सगळं फील्डच्या इतिहासातूनच निघतं. तारीख पुढे ढकलली जाण्याचं मोजमाप इतकं उपयोगी ठरलं की सेल्सफोर्सने डीलवर त्यासाठी वेगळं फील्डच दिलं. दोनतीनदा ढकललेल्या डीलवर पुढच्या तिमाहीचं उत्पादन आखायचं की नाही, हा कारखान्याच्या दृष्टीने पैशांचा प्रश्न आहे. सेवा विभागात हाच इतिहास सांगतो की तक्रार किती हातांतून फिरली आणि कुठल्या हातात सर्वांत जास्त वेळ पडून राहिली. मालकी कोणाकडे कधी होती याची नोंद असली की कमिशनचा वाद पाच मिनिटांत मिटतो, आणि तोही प्रतिनिधीच्या बाजूने लागू शकतो. इतिहास आपलंही रक्षण करतो, हे कर्मचाऱ्यांना दिसलं की त्याच्याबद्दलचा आकस निम्मा होतो.

निष्कर्ष

तंत्र म्हणून हा प्रश्न बहुतांशी सुटलेला आहे. जुनी आणि नवी नोंद शेजारी ठेवून फरक लिहिणं अवघड नाही, आणि दशकानुदशकं ते होत आलं आहे. न सुटलेला भाग निवडीचा आहे: कुठली फील्ड, किती काळ, कोणाला दिसणार, कोण बंद करू शकणार आणि कुठल्या बदलाला कारण सक्तीचं. या पाच प्रश्नांची उत्तरं सॉफ्टवेअर विकणारा देऊ शकत नाही. कारण कुठल्या आकड्यावर तुमच्याकडे भांडण होतं, हे त्याला ठाऊक नसतं.

निवडीचा एक व्यवहारी निकष सुचवतो. ज्या फील्डमुळे पैसा, मालकी किंवा आश्वासन बदलतं ते पाळतीवर हवंच: रक्कम, सूट, टप्पा, अपेक्षित तारीख, मालक, उधारीची मर्यादा आणि मुदत. बहुतेक मध्यम उद्योगांची यादी दहाबारा फील्डवर थांबेल, म्हणजे सेल्सफोर्सच्या वीसच्या मर्यादेतही आरामात बसेल. बाकीची फील्ड सोडून द्यायला हरकत नाही.

तुमच्या कंपनीत सीआरएम असेल, तर या आठवड्यात एक काम करा. सहा महिन्यांपूर्वीची कोणतीही एक मोठी डील उघडा आणि बरोबर सहा महिन्यांपूर्वीच्या दिवशी तिची रक्कम किती होती, हे सॉफ्टवेअरमधूनच शोधून दाखवायला सांगा. उत्तर मिळालं नाही, तर पाळतीवर ठेवायच्या फील्डची यादी आजच करा. कारण टिक आज केली तर इतिहास आजपासूनच सुरू होतो, मागचा परत मिळत नाही.